लस येणार कधी? साथीच्या दिवसांतल्या लशीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केरळात निपाह सापडला, आमच्या गोव्यात सत्तरी तालुक्यात माकडतापाचा (गोचिडीतून होणाऱ्या तापाचा) पेशंट मिळाला किंवा कुठल्या तरी देशात नवा व्हायरस आला असा फॉरवर्ड पडला की आमच्या फोंड्यातल्या ग्रुपवर पाच मिनिटांत "लस आहे का, नसली तर कधी येणार" सुरू होतं. मी डॉक्टर नाही, हायर सेकंडरीला बायोलॉजी शिकवते, त्यामुळे पालक, शेजारी, नात्यातले सगळे मलाच टॅग करतात. तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून आता एकदाच सगळं इथे टाकतेय. स्वतःच्या तब्येतीबद्दल काय असेल ते मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मला नको.

साथ सुरू झाल्यावर लस यायला साधारण किती वेळ लागतो?

साधारण असं काही नसतंच, हीच तर सगळी गोची आहे. गालगुंडाच्या लशीचं काम १९६३ ला सुरू झालं आणि १९६७ ला लस आली, आणि ही चार वर्षं पुढे कित्येक दशकं रेकॉर्ड म्हणून सांगितली जायची. कोविडची वर्षाच्या आत आली. इबोलाचा व्हायरस १९७६ पासून माहीत होता, त्याच्या लशीची मोठी ट्रायल झाली २०१५ ला गिनीमध्ये आणि पहिलं लायसन्स मिळालं २०१९ ला. आणि एचआयव्हीचं बघा, १९८४ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्री बाईंनी भर पत्रकार परिषदेत सांगितलं की दोनेक वर्षांत लस टेस्टिंगला तयार होईल अशी आशा आहे, त्याला चाळीस वर्षं उलटून गेली, लस अजून नाही. त्या बाई खोटं बोलत नव्हत्या, व्हायरस कसा निघेल ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

एक खूण मात्र सुरुवातीलाच बघता येते. आजार झालेली माणसं आपोआप बरी होतात का आणि बरी झाल्यावर निदान काही काळ तरी परत पडत नाहीत का? तसं असेल तर शरीराला त्या व्हायरसशी लढता येतं, आणि लशीला तेच काम आधी शिकवायचं असतं. कोविडमध्ये बहुतेक लोक बरे होत होते म्हणून शास्त्रज्ञांना सुरुवातीपासून आशा होती. एचआयव्ही शरीरातून आपणहून जातच नाही, तिथे नक्कल करायला नमुनाच नाही.

मग कोविडची एवढ्या लवकर कशी आली? काहीतरी गाळलंच असणार ना?

प्रश्न रास्त आहे, विचारणाऱ्याला लगेच लसविरोधी म्हणून गप्प करू नका.

व्हायरसचा जेनेटिक सिक्वेन्स जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात जगासमोर आला आणि १६ मार्चला मॉडर्नाच्या लशीचा पहिला डोस अमेरिकेत एका माणसाला टोचलासुद्धा. दोन महिने! पण हे दोन महिने दोन महिन्यांचे नव्हते. २००३ चा सार्स आणि २०१२ चा मर्स हे दोन्ही कोरोना कुटुंबातलेच व्हायरस, त्यामुळे काट्यासारखा तो स्पाइक प्रोटीन हाच पकडायचा आणि तो कसा स्थिर ठेवायचा हे आधीच शोधून झालं होतं. एमआरएनएवर (शरीराला तो प्रोटीन बनवायची सूचना देणारा रेणू, मॉडर्नाची लस त्याचीच) तर त्याआधी कितीतरी वर्षं लोक घासत होते. मधल्या काळात सार्स गायब झाला तसे त्याच्या लशीचे पैसेपण आटले आणि काम अर्धवट कपाटात गेलं. ते कपाट २०२० ला उघडलं, एवढंच.

दुसरं म्हणजे ट्रायलचे टप्पे गाळले नाहीत, एकावर एक चढवले. एरवी पहिल्या टप्प्याचा निकाल, मग पैशाची जमवाजमव, मग परवानगी, मग दुसरा टप्पा असं रांगेत चालतं आणि त्यातली निम्मी वर्षं फाइल टेबलावर पडून राहण्यात जातात. इथे एक टप्पा चालू असतानाच पुढच्याची तयारी झाली होती. आणि लस चालणार की नाही हे कळायच्या आधीच तिचं उत्पादन सुरू केलं. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने परवानगी मिळायच्या आधीच करोडो डोस भरून ठेवले होते, ट्रायल फेल गेली असती तर सगळं ओतून द्यावं लागलं असतं. चवथीला गिऱ्हाईक येणार की नाही ते माहीत नसताना मूर्तिकाराने शेड भरून गणपती करून ठेवावेत तसलं हे काम. धोका होता, पण तो पैशाचा होता, टोचून घेणाऱ्याच्या दंडाचा नव्हता. ह्या दोन धोक्यांची लोक नेहमी गल्लत करतात.

तिसरं कारण लिहायला बरं वाटत नाही. लोक धडाधड आजारी पडत होते म्हणून निकाल लवकर लागला.

म्हणजे साथ आटोक्यात आली तर लस लांबते? हे कसलं उलटं?

उलटंच आहे पण तसंच आहे. लस चालते की नाही हे कळायला लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत किती लोक आजारी पडले ते मोजावं लागतं, कोणी पडलंच नाही तर मोजणार काय? आपल्याकडचंच बघा, एप्रिल २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात गोव्यात एकही अ‍ॅक्टिव्ह पेशंट उरला नव्हता आणि आपण ग्रीन झोन म्हणून मिरवत होतो, त्या दिवसांत इथे दहा हजार लोकांवर ट्रायल घेतली असती तरी हाती शून्य आलं असतं. मग जूनच्या सुरुवातीला वास्कोच्या मांगोर हिल वस्तीत साथ पेटली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

गिनीत इबोलाची ट्रायल झाली तेव्हा साथ उतरणीला लागली होती, म्हणून त्यांनी वेगळी युक्ती केली. एक पेशंट सापडला की त्याच्या संपर्कातल्या आणि त्या संपर्कांच्या संपर्कातल्या लोकांचं एक कडं धरायचं, काही कड्यांना लगेच लस, काहींना तीन आठवड्यांनी, आणि फरक बघायचा. निपाहचं दुखणं हेच आहे. केरळात २०१८ पासून तो परत परत डोकं वर काढतो, पण दर वेळी थोडक्यात आटोपतो (देवाची कृपा आणि तिथल्या आरोग्य खात्याची मेहनत), त्यामुळे ऑक्सफर्डच्या निपाह लशीची माणसांवरची पहिली ट्रायल २०२४ ला सुरू झाली असली तरी ती प्रत्यक्ष साथीत वाचवते का हे दाखवायला तेवढे पेशंट कुठून आणणार?

१५ ऑगस्ट २०२० ला लस येणार होती ना? त्याचं काय झालं?

हे अजून लोकांच्या लक्षात आहे बघून मला बरं वाटतं. २ जुलै २०२० ला आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) कोव्हॅक्सिनच्या ट्रायल घेणाऱ्या बारा हॉस्पिटलांना पत्र पाठवलं की लस १५ ऑगस्टपर्यंत लोकांसाठी आणायचा विचार आहे, काम फास्ट करा. त्या बारांत आपल्या पेडण्याचं रेडकर हॉस्पिटलपण होतं. गंमत बघा, पत्र निघालं तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या एकाही माणसाला लस टोचलेली नव्हती. देशभरच्या शास्त्रज्ञांनी ओरड केल्यावर आयसीएमआरने सांगितलं की आमचा हेतू फक्त लाल फीत कापायचा होता.

प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यात ३७५ लोक घेतले, जुलैच्या मध्यापासून. दोन डोस, मध्ये दोन आठवडे, मग रक्त तपासायचं, मग दुसरा टप्पा, मग हजारोंचा तिसरा. हे १५ ऑगस्टपर्यंत होणं कॅलेंडरवरच शक्य नव्हतं, त्याला बायोलॉजी यायची गरज नाही. माझं स्पष्ट मत आहे की अशा तारखांनी लशीचं नुकसानच होतं, कारण तारीख चुकली की लोक म्हणतात ह्यांना काहीच येत नाही आणि तारीख पाळली असती तर म्हणाले असते घाई केली.

९५ टक्के परिणामकारक म्हणजे काय? शंभरातल्या पाच जणांना आजार होणारच?

नाही. हा प्रश्न बारावीच्या मुलांनापण चकवतो म्हणून नीट बघू.

फायझरच्या ट्रायलमध्ये साधारण ४३ हजार लोक होते. निम्म्यांना खरी लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणाला काय दिलं ते ना टोचून घेणाऱ्याला माहीत ना बघणाऱ्या डॉक्टरला. मग सगळ्यांनी आपापल्या घरी जाऊन नेहमीसारखं राहायचं. कोणाला मुद्दाम व्हायरस दिला नाही. दुसऱ्या डोसनंतर आठवडा उलटल्यावर ज्यांना कोविड झाला असे १७० लोक जमले तेव्हा कोणाला काय दिलं होतं त्याची पाकिटं उघडली, आणि निघालं काय तर १६२ जण पाण्याच्या गटातले, ८ लशीच्या गटातले. दोन्ही गट सारखेच, म्हणजे लस नसती तर ह्या गटातपण साधारण १६२ झाले असते, त्याऐवजी ८ झाले. १६२ चे ८ झाले म्हणजे ९५ टक्के घट. बस्स, एवढंच आहे ते. ४३ हजारांच्या ट्रायलचा निकाल शेवटी १७० लोकांवर उभा आहे हे पहिल्यांदा कळलं की बऱ्याच जणांना धक्का बसतो.

कोव्हॅक्सिनचा मार्च २०२१ चा अंतरिम निकाल ४३ पेशंटांवर होता, ३६ विरुद्ध ७, म्हणून ८१ टक्के. शेवटचा निकाल १३० पेशंटांवर, १०६ विरुद्ध २४, म्हणून ७७.८. तेव्हा ग्रुपवर "बघा, लस खराब झाली" असा मेसेज फिरत होता. लस तीच होती. ४३ मध्ये दोन पेशंट इकडचे तिकडे झाले तरी आकडा चांगलाच हलतो, १३० मध्ये कमी हलतो.

आणि नोव्हेंबर-डिसेंबर २०२० मध्ये ९५ चा आकडा हातात होता तेव्हासुद्धा किती गोष्टी कोणालाच माहीत नव्हत्या! संरक्षण किती महिने टिकतं, लस घेतलेला माणूस दुसऱ्याला आजार देतो का, पुढे व्हायरस बदलला तर काय. दुसऱ्या डोसनंतर सरासरी दोनेक महिन्यांचाच डेटा होता. मग डेल्टा आला, २०२१ च्या शेवटी ओमिक्रॉन आला, आणि साधं इन्फेक्शन थांबवण्याच्या बाबतीत तो ९५ चा आकडा इतिहासजमा झाला. गंभीर आजारापासूनचं संरक्षण बरंच टिकलं.

ट्रायल मध्येच थांबवली अशी बातमी आली तर लस बाद समजायची?

उलट, कोणीतरी नीट लक्ष ठेवून आहे असं समजायचं. ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीची (आपल्याकडची कोव्हिशिल्ड) ट्रायल सप्टेंबर २०२० ला थांबली कारण ब्रिटनमधल्या एका व्हॉलंटिअरला मज्जासंस्थेचा त्रास झाला. स्वतंत्र कमिटीने तपासलं आणि आठवडाभरात ब्रिटनमध्ये परत सुरू झाली, अमेरिकेत मात्र ऑक्टोबर उजाडला. आपल्याकडे सीरमने ड्रग कंट्रोलरची नोटीस आल्यावर थांबवली, हे मला तेव्हा खटकलं होतं, नोटिशीची वाट कशाला बघायची. हजारो लोकांना महिनोन्‌महिने बघत राहिलं की कोणाला ना कोणाला काहीतरी होणारच, लस नसती तरी झालं असतं. ते लशीमुळे झालं की लशीनंतर झालं हे शोधायला थांबावं लागतं.

सगळ्याच लशी पास होतात असं वाटतं. फेल कधी होतात?

फेल झालेल्यांची बातमी आतल्या पानावर येते म्हणून तसं वाटतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाची लस चांगली चालली होती, पण ती घेतलेल्या लोकांची एचआयव्ही टेस्ट चुकून पॉझिटिव्ह यायला लागली (एचआयव्ही झाला नव्हता, लशीत त्याच्या प्रोटीनचा एक छोटा तुकडा आधार म्हणून वापरला होता), डिसेंबर २०२० ला त्यांनी ती सोडून दिली. मर्कसारख्या बड्या कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये आपल्या दोन्ही लशी बंद केल्या. जर्मनीच्या क्युअरव्हॅकची लस एमआरएनएचीच, फायझर-मॉडर्नाच्या जातीची, तिचा निकाल आला ४८ टक्के. सनोफी आणि जीएसकेची वयस्कर लोकांत कमी पडली म्हणून फॉर्म्युला बदलून परत पहिल्यापासून. ह्यातली कुठली पडेल हे जून २०२० मध्ये पैज लावून सांगणारा मला तरी कोणी भेटला नाही. म्हणूनच एकाच घोड्यावर पैसे लावत नाहीत.

साइड इफेक्ट आधीच का सांगितले नाहीत? लपवले?

काही गोष्टी ट्रायलमध्ये दिसूच शकत नाहीत. समजा १५ हजार लोकांना लस टोचली आणि एखादा त्रास एकालाही झाला नाही. तरी छातीठोकपणे एवढंच म्हणता येतं की तो त्रास पाच हजारांत एकापेक्षा जास्त नसावा (तीन भागिले लस टोचलेल्या लोकांची संख्या, असा सोपा हिशोब आहे, संख्याशास्त्रवाले वापरतात). अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा जो दुर्मिळ प्रकार निघाला तो साधारण लाखात एक-दोन असा होता. तो ट्रायलमध्ये सापडणार कसा? लाखो लोकांना लस दिल्यावर मार्च २०२१ मध्ये युरोपात दिसला, काही देशांनी वापर थांबवला आणि एप्रिलमध्ये युरोपच्या नियामकाने तो साइड इफेक्टच्या यादीत घातला.

पण म्हणून "काही होत नाही हो, घ्या" असं सांगणंपण बरोबर नाही, आणि आपल्याकडे तेच जास्त झालं. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची साथ येणार म्हणून चार कोटींवर लोकांना लस दिली, साथ आलीच नाही, आणि लशीमुळे लाखात साधारण एकाला गियाँ-बारे नावाचा लुळेपणाचा आजार झाला. डिसेंबरात मोहीम बंद. लाखात एक हा धोका भर साथीत किरकोळ असतो, साथ नसताना तोच फार मोठा. लशीचा धोका एकटा मोजताच येत नाही, बाहेर आजार किती आहे ते शेजारी ठेवावंच लागतं, आणि साथीत नेमकं तेच दर आठवड्याला बदलत असतं.

लशीने आजार उलट वाढतो असं ऐकलं. अफवा ना?

कोविडच्या लशीबाबत तसं झालं नाही, पण भीती हवेतून आलेली नव्हती. १९६० च्या दशकात अमेरिकेत लहान बाळांना आरएसव्ही ह्या श्वासाच्या आजाराची लस दिली आणि नंतर खरा व्हायरस आला तेव्हा लस घेतलेली बाळं जास्त आजारी पडली, दोन दगावली. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांवर शाळकरी मुलांना डेंग्यूची लस दिली, आणि २०१७ च्या शेवटी कंपनीनेच सांगितलं की ज्यांना आधी कधी डेंग्यू झालेला नाही त्यांना पुढे तो जास्त जोरात होऊ शकतो. त्यानंतर तिथे लोक गोवरची लससुद्धा घेईनात. म्हणून २०२० मध्ये ह्या एका गोष्टीवर पहिल्यापासून डोळा ठेवला होता.

कोव्हॅक्सिनला तिसऱ्या टप्प्याचा निकाल नसताना परवानगी कशी दिली?

३ जानेवारी २०२१ ला "क्लिनिकल ट्रायल मोड" अशा नावाखाली दिली. तिसऱ्या टप्प्याची भरती त्या दिवशी पूर्णसुद्धा झालेली नव्हती. लस घेणाऱ्याकडून वेगळी संमती सही करून घेत होते. निष्क्रिय व्हायरसची लस हे जुनं, ओळखीचं तंत्र, आणि पहिल्या दोन टप्प्यांचा डेटा ठीक होता, असं समर्थन होतं. लस पुढे चांगली निघाली, डब्ल्यूएचओनेही नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली. तरी माझ्या मते निर्णय चुकीच्या क्रमाने झाला. निकाल चांगला लागला म्हणून आधीची घाई बरोबर ठरत नाही, ह्यावर आमच्या स्टाफरूममध्ये अजून वाद होतो.

दोन डोसमधलं अंतर सारखं का बदलत होते? ह्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं का?

खरंच पूर्ण माहीत नव्हतं. कोव्हिशिल्डचं आधी चार ते सहा आठवडे होतं, मार्च २०२१ मध्ये सहा ते आठ झालं, १३ मेला बारा ते सोळा. अंतर वाढवलं की ही लस जास्त चांगली चालते असा परदेशातला डेटा होता हे खरं, आणि तेव्हा देशात लशीचा तुटवडा होता हेपण खरं. दोन्ही कारणं एकदम सांगितली असती तर लोकांनी समजून घेतलं असतं. फक्त शास्त्राचं कारण सांगितलं, म्हणून संशय आला, आणि दुसऱ्या डोसच्या तारखेचा कागद हातात घेऊन हेल्थ सेंटरवर गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना परत पाठवताना तिथल्या नर्सना बोलणी खावी लागली.

लस येईपर्यंत दुसरं काही औषध घेऊन ठेवायचं का?

मे २०२१ आठवतो? बांबोळीला बेड नाहीत, ऑक्सिजनसाठी गोमेकॉमध्ये (गोवा मेडिकल कॉलेजात) रात्रीबेरात्री पळापळ, आणि १० मेला राज्य सरकारने जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देणार, १२ मिलिग्रॅम, पाच दिवस, आजार असो नसो. दुसऱ्याच दिवशी डब्ल्यूएचओच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी आठवण करून दिली की ट्रायलबाहेर हे औषध कोविडसाठी वापरू नका अशी डब्ल्यूएचओची शिफारस आहे. नंतरच्या मोठ्या ट्रायलमध्ये त्याचा उपयोग दिसला नाही. माणसं घाबरलेली असताना काहीतरी हातात द्यावंसं वाटणं मी समजू शकते. पण लशीला लावतो ती कसोटी गोळीला नको हे कुठलं शास्त्र?

आणि कसोटी लावली की फायदाही होतो. ब्रिटनमध्ये भर साथीत हॉस्पिटलांमधून मोठी ट्रायल चालवली, त्यातून जून २०२० मध्ये कळलं की हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा उपयोग नाही आणि डेक्सामेथासोन ह्या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडने ऑक्सिजनवरच्या पेशंटांचे जीव वाचतात. त्याच महिन्यात जगभर वापर सुरू झाला.

ग्रुपवर "लस तयार!!" असं आलं तर काय बघू?

उंदरात की माणसांत, माणसांत तर कितव्या टप्प्यात, तुलनेला दुसरा गट होता का, आणि आकडे कुठे छापलेत की नुसती कंपनीची प्रेस नोट आहे. शेअर बाजार वर गेला ही माहिती धरू नका.

आपल्याकडे ट्रायल निघाली तर भाग घ्यावा का?

घ्या किंवा नका घेऊ, पण विचारून घ्या. ट्रायल सीटीआरआय ह्या सरकारी नोंदणीत आहे का (२००९ पासून सक्तीचं आहे, नेटवर कोणालाही बघता येतं), हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, ट्रायलमुळे काही झालं तर उपचार आणि भरपाई कोण देणार (२०१९ च्या नियमांत ह्याची तरतूद आहे), आपल्याला नुसतं पाणी मिळू शकतं हे समजलंय का. संमतीपत्र मराठीत किंवा कोकणीत मागा, घरी नेऊन वाचा. कधीही, कारण न देता सोडून जाता येतं. जो माणूस हे विचारल्यावर चिडतो त्याच्या ट्रायलमध्ये जाऊ नका.

लस एकदा पास झाली की मग तर प्रश्न मिटला?

मिटला? मग तर पंचायत हॉलमधली पंचायत सुरू होते. कोव्हिशिल्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी उघडली की चार तासांत संपवायची, उरलेलं टाकायचं. टीका उत्सवात (लसीकरणाच्या मोहिमेत) दुपारी तीनला हॉलमध्ये सातच माणसं बसलेली असायची, नर्स कुपी हातात धरून दाराकडे बघतेय, उघडावी की नाही, पंच फोनवर वाड्यावाड्यातून माणसं बोलावतोय, कोणी म्हणतं जेवून येतो, कोणी म्हणतं आज अमावास्या आहे, आणि ती सात माणसं घड्याळ बघून कुजबुजतायत. आठवा, नववा आला की सगळ्यांनाच हायसं. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० च्या आसपास ठेवावी लागायची, ती वाळपईच्या पलीकडच्या गावात कशी नेली असती देव जाणे. आपल्या दोन्ही लशी साध्या फ्रिजच्या २ ते ८ डिग्रीत राहायच्या, हे ९५ की ७७ ह्या वादापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये गोव्याने सगळ्या प्रौढांना पहिला डोस दिल्याचं जाहीर केलं. ते असल्या दुपारच्या फोनांवर झालंय.

माकडतापाची लस का नाही? तो तर आपल्या दारात आहे.

होती. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ ला सापडलेला हा आजार सत्तरीत २०१५ पासून आहे आणि काजूच्या सीझनला, बोंडू गोळा करायला माणसं रानात शिरली की गोचिडीतून होतो. लस कर्नाटकात १९९० पासून देत होते. २००५ ते २०१० च्या अभ्यासात दोन डोसनंतर परिणामकारकता ६२ टक्के, बूस्टर घेतला तर ८३ च्या आसपास. पण इंजेक्शन दुखायचं, दोन डोस, मग बूस्टर, मग दर वर्षी परत, त्यामुळे लोक मध्येच सोडून द्यायचे. पुढे लशीची ताकदच उतरत गेली आणि २०२२ मध्ये कर्नाटकाने ती थांबवली. नव्या लशीवर आयसीएमआर आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स काम करतायत.

आता कोविडशी तुलना करा. तिथे अडचण विज्ञानाची होती आणि पैसा बेसुमार होता. इथे व्हायरस साठ-सत्तर वर्षं ओळखीचा आहे, पण आजारी कोण पडतं तर काजूच्या बागेतला मजूर आणि जळाऊ लाकडं आणायला गेलेली बाई. मोठ्या कंपनीला ह्यात गिऱ्हाईक दिसत नाही. ही अनिश्चितता प्रयोगशाळेतली नाही.

पूर्वी कसं करायचे? हाफकिनने तर तीन महिन्यांत केली म्हणतात.

केली. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, हाफकिन ह्या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग. कैदी "तयार झाले" असं लिहिलेलं असतं, ते कितपत मनापासून ते आपण ओळखू शकतो. त्याच वर्षी तो दमणलाही गेला, पोर्तुगीज राज्यातलं म्हणजे तेव्हाचं आपल्याच सरकारचं गाव, आणि तिथे टोचलेल्या लोकांत मरणारे खूपच कमी निघाले. १९०२ ला मात्र पंजाबात मुलकोवाल गावात एका बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली, ठपका हाफकिनवर आला, आणि बाटली गावातच दूषित झाली असावी हे मान्य होऊन तो सुटायला १९०७ उजाडलं. तोवर त्याची नोकरी आणि उमेद दोन्ही गेलेली.

पुढच्या साथीला १०० दिवसांत लस म्हणे. खरंच?

साथींच्या लशींवर काम करणाऱ्या सेपी ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये ठरवलेलं ध्येय आहे ते, जी-७ देशांनी उचलून धरलंय. ओळखीच्या कुटुंबातला व्हायरस असेल तर अशक्य नाही. अनोळखी असेल तर शंभर दिवस हा फक्त आकडा आहे.

गरोदर बायकांना सगळ्यात शेवटी का दिली?

कारण त्यांना मोठ्या ट्रायलमध्ये घेतलंच नव्हतं. बाळाला धोका नको म्हणून बाहेर ठेवलं, हेतू चांगला, पण परिणाम असा की १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं तेव्हा त्यांच्याबद्दल डेटाच नव्हता, आणि परवानगी आली २ जुलैला, दुसरी लाट ओसरल्यावर. मधल्या काळात परदेशात ज्या गरोदर डॉक्टर आणि नर्सनी आपणहून लस घेतली त्यांच्या नोंदींवरून सगळं कळलं. आता पुढच्या ट्रायलमध्ये त्यांना लवकर घ्या अशी मागणी आहे. तुमच्या घरात कोणी गरोदर असेल आणि नवी लस आली असेल तर डॉक्टरना सरळ विचारा की गरोदर बायकांवरचा डेटा आहे का आणि कितव्या महिन्यातला, "चालेल" एवढ्यावर उठू नका.